थाप मारण्यास पूर्वपरवानगी मिळणेबाबत

पाणीपुरवठा कार्यालयातील मुख्य कारकुनाचे पद रिक्त झाले आणि ते भरणे क्रमप्राप्त होते. मी आवक विभागात बावीस वर्षं शिक्के मारत होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, म्हणजे ही माझी शेवटची संधी. यापूर्वी दोनदा मुलाखत झाली होती. दोन्ही वेळा विचारलं तेवढं खरं सांगितलं आणि दोन्ही वेळा हात हलवत घरी आलो.

या खेपेस प्रशासनाने सल्लागार नेमला. त्याचा अहवाल असा: मुलाखतीत उमेदवार बेसुमार खोटे बोलतात व त्याचे मोजमाप होत नाही, सबब निवड ऑनलाइन पोकरद्वारे करावी, कारण तिथे खोटे बोलणे नियमात बसते आणि संगणक त्याची नोंदही ठेवतो. प्रत्येकाला हजार गुण मिळाले. सगळे गुण ज्याच्याकडे जमतील तो मुख्य कारकून. आम्ही अकरा उमेदवार एकाच खोलीत, आपापल्या टेबलाशी बसायचो. खेळ ऑनलाइन वाटावा म्हणून मध्ये पुठ्ठे उभे केले होते.

खेळ मला मेव्हणीनं शिकवला. ती फोनवर रोज खेळते.

"भाऊजी, सोपं आहे. दोन पत्ते तुमच्या हातात, ते फक्त तुम्हाला दिसतात. पाच टेबलावर, ते सगळ्यांना. पत्ते भारी असतील तर गुण लावा. अगदीच भिकार असतील तर थाप मारा. भरपूर गुण लावले की समोरचा घाबरून पत्ते टाकतो."

"आणि मधले असतील तर?"

"तिथंच खरी गंमत आहे. मधल्या पत्त्यांवर थाप मारली की तुमच्यापेक्षा भिकार असलेले पळतात आणि भारी असलेले तेवढे थांबतात. म्हणजे ज्यांना हरवलं असतं त्यांना तुम्हीच घालवलंत. त्यापेक्षा गप्प बसावं."

बावीस वर्षं मी नेमकं तेच करत आलो होतो, हे तिला सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी बिल विभागाच्या कारकुनानं थापांचा असा काही धडाका लावला की साहेबांचं डोकं फिरलं. थाप मारण्यास हरकत नाही, परंतु वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मारणे ही शिस्तभंगाची बाब आहे, असे परिपत्रक निघाले. पत्ते सबळ असल्यास नमुना 'अ'. पत्ते दुर्बळ असल्यास नमुना 'ब', म्हणजे थापेच्या पूर्वपरवानगीचा अर्ज, तीन प्रतींत. मंजुरीला चार दिवस लागत, म्हणून संगणकातली तीस सेकंदांची मुदत वाढवून तीस कामकाजाचे दिवस केली. कारभार पारदर्शक हवा, म्हणून मंजूर झालेली प्रत्येक थाप सूचना फलकावर लागू लागली.

बिलवाला तीन फलकांत गारद झाला.

मग जावक विभागातल्या बाईंना युक्ती सुचली. हातात दोन एक्के असताना त्यांनी नमुना 'ब' भरला. फलक वाचून चौघांनी खुशीत सगळे गुण लावले आणि चौघेही घरी गेले. साहेब चिडले. यापुढे प्रत्येक थापेसोबत 'थाप खरी असल्याचा दाखला' जोडावा, असा आदेश त्यांनी काढला. दाखला देण्याचं काम मीटर तपासनीसाकडे गेलं. त्याच्या आकड्यांवर गावात कुणाचाच भरवसा नव्हता, त्यामुळे दाखला जोडलेली थाप लोकांना जास्तच संशयास्पद वाटू लागली.

नऊ महिन्यांनी दोघंच उरलो. बाई थापा मारून, मी गप्प बसून.

शेवटचा डाव आला. हा जिंकेल त्याचेच सगळे गुण, असा साहेबांचा आदेश होता. माझ्या हातात नव्व्यांची जोडी. टेबलावर राजा, राणी, दश्शी, चौकी, दुर्री. पत्ते वाईट म्हणावेत असे नव्हते, चांगले म्हणायलाही जीभ रेटेना. बाईंकडे एखादा राजा निघाला की माझी बावीस वर्षं पाण्यात. मी मेव्हणीला फोन लावला. मुदत तीस दिवसांची होती, तेव्हा घाई नव्हती.

"गप्प बसलात तर बाई सगळे गुण लावतील आणि तुम्ही मुकाट्यानं पत्ते टाकाल. मी ओळखते तुम्हाला," ती म्हणाली. "तसेही हरणारच असाल तर मधल्या पत्त्यांवरही थाप मारावी. आयुष्यात एकदा मारा, भाऊजी."

मला एकदम पंख फुटले. अर्ज घ्यायला गेलो आणि अडलो. 'अ' सबळांसाठी, 'ब' दुर्बळांसाठी. मी साहेबांकडे गेलो.

"नियमात मध्यम पत्ते नाहीत," साहेब म्हणाले.

"पण माझ्याकडे आहेत, साहेब."

"असतील. पण ते नियमाला धरून नाहीत."

"मग लिहू काय?"

"जे असेल ते लिहा. साध्या कागदावर. आणि मला परत विचारू नका."

मी लिहिलं: 'माझ्याकडे नव्व्यांची जोडी आहे. पत्ते मध्यम आहेत. तरी सर्व गुण लावत आहे. माहितीस्तव सविनय सादर.' कागद फलकावर लागला आणि कार्यालयाचं काम बंद पडलं. फलकावर खरं लिहिलेलं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. याच्याकडे काहीतरी भयंकर आहे, यावर दुपारपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं.

बाई पुठ्ठ्यावरून डोकावल्या. "भाऊ, खरं सांगा, काय आहे हातात?"

"नव्व्यांची जोडी."

"तसं नाही हो. खरं खरं."

"बाई, नव्व्याच आहेत."

"इतकी वर्षं शेजारी बसतोय आपण," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि एवढंही सांगत नाही तुम्ही."

एकोणिसाव्या दिवशी बाईंनी पत्ते टाकले. त्यांच्या हातात दोन राण्या होत्या, टेबलावरची धरून तीन. मला इतका आनंद झाला की आवकचा शिक्का मी तीन जावक पत्रांवर, एका खुर्चीवर आणि साहेबांच्या बाहीवर मारला.

सत्कारात साहेब म्हणाले, "असा थापाड्या आपल्यात दडून बसला होता, हे कुणाला कळलंसुद्धा नाही." मी संगणकाच्या पडद्यावरच्या नव्व्या दाखवल्या. त्यांनी डोळा मारला आणि पडदा नीट करून घ्यायला सांगितला. तेव्हापासून माझी फार भरभराट आहे. तापाची रजा टाकली तर सगळे विचारतात, कुठं फिरायला निघालात? नाही म्हटलं की दोनदा विचारतात.

गेल्या मंगळवारी मोठ्या टाकीत सांडपाणी शिरलं. माझ्या सहीनं सूचना निघाली: पाणी दूषित आहे, आठ दिवस उकळून प्यावे. गावात एका घरानंही उकळलं नाही. उलट, आपलं पाणी इतकं चांगलं आहे की खुद्द मुख्य कारकून ते लपवतोय, अशी बातमी पसरली आणि लोकांनी पिंपं भरून ठेवली. मी घाबरलो. एकेका दारावर जाऊन स्वतःच्या हातानं कागद चिकटवले. तुमच्याही दारावर एक आहे. तुम्ही तो वाचलात, खालची सही पाहिलीत, हसलात आणि आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायलात. मी जिन्यातच उभा होतो.