तेवीस सोयऱ्यांची दोन प्रथिनं

कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही, हे मी स्वतः कसून तपासलं आहे. लोणावळ्यातल्या चिक्की-चोरीचा छडा मीच लावला होता. पुरावा तपासता तपासता संपला, त्याला माझा इलाज नव्हता. नाव हौशीराम. एरवी स्टेशनसमोर सायकलींची पंक्चरं काढतो.

परवा पुतणी अनघा लॅपटॉप घेऊन घरी आली. चेहरा पार उतरलेला. शरीरातलं कुठलं प्रथिन कुठल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, याच्या जगभरच्या नोंदी एकत्र जुळवून ती पीएचडी करते.

"काका, हे एम-सात, हे झेड-चाळीस. दोघांचे सोयरे तेच तेवीस. पण एकमेकांना एकदाही भेटलेले नाहीत! चार वाजता सरांना कारण सांगायचंय, नाहीतर तीन वर्षांचं काम पहिल्यापासून."

मी भिंग स्क्रीनला लावलं. "भाऊबंदकी! बांधावरून बोलणं बंद."

"प्रथिनांना बांध नसतो, काका."

"मग प्रेमप्रकरण. चारचौघांत ओळख दाखवत नाहीत. लोणावळ्यात दर रविवारी बघतो मी."

"हे पेशीत राहतात हो!"

"मग एक जण दुसऱ्यावर पाळत ठेवून आहे."

साडेतीन वाजले. अनघाला रडू फुटलं. तेवढ्यात आतून सगळं ऐकत असलेली आमची सविता चहा घेऊन आली.

"ह्या दोन याद्या कुणाच्या गं?"

"एम-सातची अमेरिकेची, झेड-चाळीसची जपानची, काकू."

"मग बाई योकच आसंल की. माज्या माहेरी पवनानगरला इचार, हिरा म्हंत्याल. हितं इचार, सविता. दोगींचा भाऊ त्योच, पोरं तीच. आन् हिरा सविताला कवा भेटली का? कशी भेटंल?"

अनघाने घाईघाईने दोघांची रचना शेजारी शेजारी लावली. पहिल्या कणापासून शेवटच्यापर्यंत एकच! नावं वेगळी म्हणून तिने प्रथिनं दोन धरली होती. तिने काकूला मिठी मारली आणि सरांना फोन लावायला अंगणात पळाली.

मी घसा खाकरला. "प्रकरण अजून मिटलेलं नाही. हिराला गायब कुणी केलं?"

"तुमी," सविता म्हणाली. "लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सविता' कुणी लिवलं? मला इचारलंतं?"

नव्हतं विचारलं. सव्वीस वर्षांत मनातही आलं नव्हतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"हिरा," मी चाचरत हाक मारली.

ती दारात थांबली. मग म्हणाली, "लागला एकदाचा तपास. आता कप इसळून ठिवा."

कप मी विसळले. दोन्ही वेळचे, सकाळचेसुद्धा.