गठाण सुटल्यावर

पिपरी मेघेत आमच्या शेजारच्या वामनकाकांकडे गेलं की पाण्याच्या आधी हातात कापूस येतो. तोही मुठीत घट्ट दाबून.

"पकड. हे विश्व हाय. आता मूठ सोड."

मूठ उघडली की कापूस हळूहळू फुगतो. "पाह्यलं? याच्यासाठी त्या शास्त्रज्ञायले एवढ्या दुर्बिणी लागल्या! सोपं हाय."

काकांची सगळी नोकरी जिनिंग-प्रेसमध्ये गेली. सरकी काढलेली रुई दाबून गठाणी बांधण्यात. काकू वारल्या आणि रिकामा वेळ अंगावर आला, तेव्हा त्यांनी विश्व हाती घेतलं. सुरुवातीला सगळ्याची एकच गठाण होती, कोणीतरी पट्टी कापली आणि रुई फाकली, तेच तारे.

"आणि सरकी?" मी एकदा विचारलं.

"सरकी म्हनजे आपन. वजनदार." हे माझ्या पोटाकडे पाहून.

मी आठवीला विज्ञान शिकवतो. माझं ज्ञान गाइडापाशी संपतं हे वर्गाला माहीत आहे, काकांना नाही. त्यांचा मला एकच प्रश्न असतो, "मास्तर, हे सारं फाकून राह्यलं, पन परत गठान होईन ना?"

"पाहून सांगतो," असं म्हणत मी दोन वर्षं काढली. गेल्या रविवारी मात्र मोबाइलवर वाचून ऐटीत गेलो.

"काका, बहुतेक नाही होणार. असंच पसरत जाणार, कायमचं."

"काऊन?"

मी जमेल तसं समजावलं. पहिल्यांदाच उत्तर येत होतं, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं राहून गेलं.

काका दाराकडे बघत म्हणाले, "तुही काकू दवाखान्यात निंगाली तवा ऑटोतून म्हने, येतो. जातो नाई म्हनलं तिनं."

आमच्याकडे निघताना बायाही 'येतो'च म्हणतात, कोणीच 'जातो' म्हणत नाही. मीही नाही.

समजावताना माझ्या हातून पडलेला कापूस मी उचलला, मुठीत दाबला. "काका, त्यांचंही पक्कं नाही. 'बहुतेक' लिहिलंय."

"बहुतेक लिहिलं ना?"

"हो."

"मंग ठीक. च्या घेशीन?"

चहा झाला. चपला घालताना सवयीचा शब्द तोंडाशी आला आणि पहिल्यांदाच जड वाटला.

"येतो, काका."

"येजो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. माझं काकांकडे काही काम नव्हतं. 'येतो' म्हटलं होतं, गेलो.