शेवटचा शब्द तुमचा

दाभाडे गुरुजी बोलताना शेवटचा शब्द समोरच्यासाठी सोडायचे. हसनाबादच्या स्टँडवरल्या हॉटेलात बसले की म्हणायचे, "दोन चहा आण, साखर जास्त, टेबल पुसून कर..." आणि हात पुढे करून थांबायचे. हॉटेलवाला "मस्त" म्हणेपर्यंत तो हात तसाच.

"गुरुजी, चहा पाजू का यमकं जुळवू?" तो वैतागायचा.

"दुधात पाणी घालायला येळ भेटतो, मंग यमकाला का न्हाई?"

दुष्काळ सरला त्या सुमारास मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला लागलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. गुरुजीही त्याच शाळेत शिकवायचे. ते मला नावाने हाक मारत नसत, "ओ बीए!" म्हणत. मला ते फार आवडायचं. अलंकारांच्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या, पण वर्ग जांभया द्यायचा. तेव्हा गुरुजींनी मला आपली म्हैस दिली. म्हणजे कवितेतली.

म्हैस निघाली लग्नाला, शिंगांना बांधून फीत,
पंगतीमध्ये बसून म्हणते, 'मीच गाते...'

"गीत!" पोरं बाकं बडवायची.

शेपटीचा फटका बसता मांडव गेला उडून,
भोकरदनला जाऊन पडला, नवरा आत...

"दडून!"

एकदा गुरुजी स्वतः माझ्या वर्गात म्हैस म्हणत होते, तेव्हा एका पोराला शंका आली. "गुरुजी, मांडव भोकरदनला पोचलाच कसा?"

"अतिशयोक्ती हाय ती. तिला तिकीट लागत न्हाई."

ती व्याख्या माझ्या वर्गातलं एकही पोर नंतर विसरलं नाही.

एकदा गुरुजी मला घरी घेऊन गेले. त्यांची बायको, आमच्या काकू, बाजेवर उशीला टेकून बसल्या होत्या. दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा परत आली नव्हती. गुरुजी स्टुलावर बसले आणि नवं कडवं म्हणायला लागले. शेवटच्या शब्दापाशी थांबले, हात पुढे केला. काकूंचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"न्हाई तर न्हाई. उद्या दुसरं आणतो," गुरुजी हसून म्हणाले. मला दारापर्यंत सोडताना त्यांनी हळूच सांगितलं, "ओळीला उतार लागला की शब्द आपसूक घरंगळतो, बीए. म्हणून रोज नवं कडवं करून राह्यलो."

म्हैस त्या वर्षी मुंडावळ्या चघळून आली, वरातीच्या घोड्याशी भांडली, आहेरातली लुगडी नेसली. पोरं ज्या कडव्याला हसत, ते संध्याकाळी काकूंकडे जाई.

आणि एका सकाळी प्रार्थना चालू असतानाच गुरुजी टोपी हातात घेऊन धावत आले.

"बीए! बोलली!"

"काय म्हणाल्या?"

"मी म्हणलो, 'नाचून खाऊन दमली बाई, म्हैस आली घरी, आरशापुढं उभी राहून म्हणे, दिसते कशी...' आन थांबलो."

"मग? 'बरी' म्हणाल्या?"

"न्हाई. 'गप' म्हणली!"

ओळीत उभी असलेली पोरं प्रार्थना सोडून हसली. गुरुजी त्यांच्याहून मोठ्याने हसले. "यमक बिलकुल जुळलं न्हाई. पण बराबर बोलली!"

"मग बसलात का गप?"

"कसा बसू? तेच कडवं पुन्हा म्हणलो."

"का?"

"पुन्हा 'गप' म्हणंल म्हणून."

"आणि?"

"म्हणली ना," गुरुजी म्हणाले. मग वर्गात गेले आणि कोरा करकरीत फळा बराच वेळ पुसत राहिले.