कैरीच्या रंगाची बरणी

सासरी येऊन आठवडा झाला नाही, तोच मी डब्यातली वस्त्रगाळ राख घेऊन घरातली झाडून सगळी भांडी घासून काढली. इतकी मऊ राख माहेरी कधी पाहिली नव्हती. सासरच्या श्रीमंतीचं मला कौतुकच वाटलं! आता माझ्या नाती हसतात. हसू देत. त्या सोळा वर्षांच्या शहाणीला मीही हसते.

राख होती चुलत सासऱ्यांची, आबांची. कारखान्यात चिनीमातीचं काम शिकून आलेले आबा सांगलीजवळच्या आमच्या मळ्यात भट्टी लावून दगडासारख्या टणक बरण्या भाजत. राख-माती कालवून लेप दिला की भट्टीत त्याची काच होई; जसं लाकूड, तसा तिचा रंग. त्यामुळे आबांना माणसं दिसतच नसत, चुली दिसत. मला पाहायला आले तेव्हा पोरीचं नाव राहिलं बाजूला. माझ्या वडिलांना विचारलं, "आवं पावणं, चुलीत काय जाळता?"

वडील बिचकले. "बाभळ."

आबांनी आत जाऊन चिमूटभर राख जिभेवर ठेवली. "पोरगी पसंत हाय!"

नवरदेव लढाईवर होता. त्याला कोण विचारतो?

लेपात लोखंडाचा गंजही पडे, पण मोजून. "लोखंड म्हंजे मीठ," आबा बजावत. "चिमूट जास्त पडली की हिरव्याचं तपकिरी झालं!"

मी संपवलेला डबा मात्र साधा नव्हता. आबांची बायको, आमच्या काकी, वारल्या होत्या. पलूसला त्यांच्या माहेरचा आंबा वादळात पडला, त्याची ती राख. आबांना काकींच्या आठवणीची एक बरणी करायची होती, अगदी कैरीच्या रंगाची. त्या झाडाची दुसरी राख जगात नव्हती.

सासूबाईंनी हे सांगितलं, ते भांडी घासून झाल्यावर. तेवढ्यात आबा आले. रिकामा डबा पाहिला, लखलखीत भांडी पाहिली.

"पाणी कुठं वतलंस?"

"आवं, बादलीतच हाय अजून."

त्यांनी गाळ खाली बसू दिला, भाताची शितं एकेक वेचली, माती कालवली. लेप जेमतेम एका कपापुरता झाला. भट्टी निवेपर्यंत तीन दिवस मी जेवले नाही. म्हणजे कुणासमोर जेवले नाही.

कप निघाला काकवीसारखा तपकिरी. गंजका तवा मी त्याच राखेनं खरवडला होता ना! मला रडूच फुटलं. आबांनी कप उन्हात फिरवून फिरवून पाहिला, त्यात चहा ओतून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले,

"रडू नगंस, सूनबाई. हिरवाच पायजे असं ती कवा म्हणालीच न्हाई. मीच धरून बसलो हुतो. तिला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बग."