सासुरवाडी आणि चहाची नळी

रबराचा एक जोड बदलायचा, एवढंच थिएनफूने ठरवलं होतं. एकच. त्याच्या जुन्या गाडीच्या इंजिनात हवा खेचणाऱ्या नळ्या असतात, त्यांतल्या एकीचा जोड वाळून चिरला होता. त्यामुळे गाडी उभी असली तरी इंजिन उगाच रेस व्हायचं, मग गळपटायचं, पुन्हा रेस व्हायचं. (थिएनफूचंही असंच असतं, असं त्याच्या बायकोचं, मेईयुनचं, मत.)

घाई अशी, की उद्या नवं वर्ष आणि परवा लेकीबाळींनी माहेरी जायचा दिवस. गाडी धड चालली नाही तर साडूच्या कोऱ्या गाडीतून जायचं, असं मेईयुनने बजावलं होतं. साडूच्या गाडीत मागे बसून सासुरवाडी गाठायची? त्यापेक्षा तो राहत्या शहरातून, ताइनानहून, पायी गेला असता.

पण वाळलेलं रबर कुठलं ऐकतंय. एका जोडाला हात लावला की शेजारचा तुटायचा. दुपारपर्यंत सगळेच हातात आले. नशीब, त्याने अख्खा संच आणला होता. जुने एका पिशवीत, नवे दुसरीत. पिशव्या मात्र अगदी जुळ्या बहिणी. नवे बसवायला घेणार, तोच गल्लीच्या तोंडाशी पियानोची ओळखीची धून वाजली. कचऱ्याची गाडी! वर्षातली शेवटची. ती चुकली की सणभर घाण घरात.

"अहो, पळा," मेईयुनने वरून फर्मावलं.

तो पळाला. घरचा कचरा टाकला, वर जुन्या जोडांची पिशवीही मोठ्या समाधानाने भिरकावली. परत येऊन उरलेली पिशवी उघडतो, तर आत जुन्या रबराचे तुकडेच तुकडे. पियानो तोवर पलीकडच्या गल्लीत पोचला होता, आणि सुट्या भागांची दुकानं केव्हाच बंद झाली होती.

कोपऱ्यावरचं दूधचहाचं दुकान तेवढं उघडं होतं. त्या चहात साबुदाण्याचे टपोरे गोळे असतात, म्हणून प्यायची नळीही चांगली जाडजूड. थिएनफूने मूठभर नळ्या मागून आणल्या, कापल्या, तुटक्या रबरात खुपसल्या, वरून टेप गुंडाळली. इंजिन चक्क शांत झालं. त्याला त्या रात्री आनंदाने झोप लागेना.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दोघं थाटात निघाले. सासऱ्यांच्या अंगणात साडू उभाच होता. थिएनफूने इंजिन मुद्दाम बंद केलं नाही.

"बाबा, कान लावून बघा," तो सासऱ्यांना म्हणाला. "आवाज येतो का?"

सासऱ्यांनी कान लावला. साडूनेही लावला. तेवढ्यात तापून मऊ झालेल्या नळ्या आतल्या ओढीने चपट्या झाल्या आणि पटापट सुटल्या. इंजिन बोंबललं, खोकलं आणि बंद पडलं.

"नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "आता काहीच येत नाही."

परतताना थिएनफू साडूच्या गाडीत मागे, सासूबाईंनी दिलेल्या कोबीच्या गड्ड्यांशेजारी. वाटेत साडूने सगळ्यांना दूधचहा घेतला. थिएनफूने पेल्यात नळी खुपसली, तर मेईयुनने ती उपसून पुसली आणि पर्समध्ये ठेवली.

"तुम्ही असाच प्या," ती म्हणाली. "ही गाडीला लागेल."