शांत मजला

बेल वाजेनात, तेव्हा मेट्रनबाई काळजीत पडल्या. एरवी वृद्धसेवागृहाच्या त्या मजल्यावर जो तो गळ्यातली बेल दाबायचा. कुणाला उशी वर हवी, कुणाला पडदा खाली, तर कुणाला नुसतंच विचारायचं असायचं, बाहेर ऊन पडलंय का म्हणून. आठवडाभर मात्र सगळीकडे सामसूम होती.

संस्थेने सेवेचा दर्जा मोजायची यंदा सोपी रीत काढली होती. बेल किती वाजतात ते यंत्र मोजणार. गेल्या वर्षीपेक्षा कमी वाजल्या तर सेवा सुधारली, जास्त वाजल्या तर घसरली. सुधारणा दिसली नाही, तर नव्या मावशीला नारळ. ही मावशी वयाने तिथल्या सगळ्यांना लेकीसारखी, पण हात असा हलका की आंघोळीला कुरकुरणारेही तिच्या पाळीची वाट बघत. तिच्या जिवाला घोर नको म्हणून मेट्रनबाईंनी ही अट फक्त पहिल्या खोलीतल्या आजींना सांगितली होती, तीही 'कुणाला बोलू नका' असं बजावून. साहजिकच संध्याकाळपर्यंत ती मावशी सोडून सगळ्यांना कळली.

मेट्रनबाई फेरीला निघाल्या. आजी काठीने पाण्याचा तांब्या आपल्याकडे ओढत होत्या.

"आजी, बेल दाबायची ना."

"तहान कुठे लागलीय? तांब्या जवळ असला की बरं वाटतं, इतकंच."

पुढे खिडकीपाशी गुरुजी बुटक्या खुर्चीत रुतून बसले होते. नाश्त्यानंतर बसले, ते उठताच येईना.

"गुरुजी, जेवायला नाही आलात?"

"इथे वारा छान येतोय."

"खिडकी बंद आहे."

"म्हणून तर बाधत नाही."

मेट्रनबाईंना हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. आकडा सुधारत होता, माणसं तहानलेली राहत होती. त्यांनी गुरुजींना हात द्यायला वाकावं, तोच मावशी समोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"बाई, मी उद्यापासून येणार नाही."

"अगं, का?"

"कुणी हाकच मारत नाही. खोलीत गेलं की म्हणतात, आम्हाला काही नको, तू जा. माझं काय चुकलं ते तरी सांगायचं."

मेट्रनबाई खरं काय ते सांगणार, इतक्यात संस्थेचे तपासनीस दारात हजर. त्यांनी यंत्र पाहिलं आणि खूश झाले. म्हाताऱ्या माणसांत आलं की मोठ्यानेच बोलायचं असतं, अशी त्यांची समजूत होती.

"वा. बेल जवळजवळ वाजलीच नाही. दर्जा कमालीचा सुधारलाय."

"या मावशीमुळे, साहेब."

"छान. पण मग आता तिला काम काय उरलं? एवढ्या शांत मजल्यावर तिची गरज दिसत नाही."

गुरुजींनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा मावशीकडे, आणि गळ्यातली बेल दाबली. मग आजींची वाजली. मग सगळ्या मजल्याने आठवडाभराची थकबाकी एकदम चुकती करायला घेतली. यंत्रावरचा आकडा पळत सुटला.

मावशी डोळे पुसत गुरुजींकडे धावली. "इतका वेळ असेच बसलात? मला का नाही बोलावलं?"

"तुला ठेवून घ्यायचं होतं ना," गुरुजी खाली बघत म्हणाले. "आता उठव बाई. कंबर मोडली."

साहेब कानांवर हात ठेवून शेरा लिहीत होते: सेवेचा दर्जा चिंताजनक घसरला आहे; एवढ्या बेलना मनुष्यबळ अपुरे पडते, सबब मावशीला कायम करावे, शिवाय आणखी एक मदतनीस द्यावी. सगळ्या नोकरीत एकही वाकडा शेरा न घेतलेल्या मेट्रनबाईंनी तो दोनदा वाचला. त्यांना इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"बाई, पुढच्या वर्षी तरी सुधारणा दिसली पाहिजे," साहेबांनी दरडावलं.

"प्रयत्न करू, साहेब," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण वचन देत नाही."