दोन इंच माया

बारा वर्षं मी कापड कापते आहे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे, आणि मास्टर हा शब्द बाईला शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या टेबलाशी यावं आणि कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवून एका दमात बाही कापून दाखवावी. माणूस दारातून आत आला की त्याच्या कंबरेचा घेर मला कळतो. टेप लावते ती निव्वळ त्याच्या समाधानासाठी.

तेव्हा मुलगी झाल्यावर मी घरात जाहीर करून टाकलं, की कामावर परत जाईन ती माझी जुनी काळी पॅन्ट घालूनच.

"कशाला हट्ट?" सासूबाई म्हणाल्या. "सैलसं काहीतरी घाल की."

नवरा म्हणाला, "मला तर तू अशीसुद्धा..." आणि मी वळून पाहिल्यावर पुढचं वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं.

अशीसुद्धा म्हणजे कशी? सगळ्या जगाला माझ्या पोटाबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. शेजारीण म्हणाली, गरम पाणी पी. मावशी म्हणाली, तिच्या सुनेचं महिन्यात आत गेलं. जणू ते पोट नव्हतंच, कपाटाचा खण होता, ढकलला की आत. शेवटी मी दुकानातून पोटाला बांधायचा पट्टा आणला. खोक्यावर एका बाईचा फोटो होता, हातात बाळ आणि पोट इस्त्रीच्या टेबलासारखं सपाट. ती बाई आयुष्यात कधी बाळंत झाली असेल, तर मी कात्री खाली ठेवायला तयार आहे.

साडेचार महिन्यांनी कामावर रुजू व्हायचा दिवस आला. आदल्या दिवशीच मालकीणबाईंचा फोन आला होता. एका मोठ्या रुग्णालयाला सगळ्या नर्सेसचे नवे गणवेश हवे होते. तिथल्या मेट्रन भारी कडक. दोन शिंप्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं.

"तुम्हीच जा," मालकीणबाई म्हणाल्या. "ही ऑर्डर आणलीत, तर कटिंगचा सगळा विभाग तुमच्याकडे. नाहीतर मग बाहीवाले मास्तर आहेतच."

बाहीवाले मास्तर माझ्या रजेत माझ्या टेबलावर डबा खात होते, हे मला कळलं होतं. त्यामुळे पॅन्ट बसणं आता फार गरजेचं होतं.

सकाळी नवऱ्याने एक पाय पलंगाला टेकवून पट्टा ओढला. होडी वाळूवर ओढून घ्यावी तसा. तीन प्रयत्नांत पट्टा लागला, आणखी दोन प्रयत्नांत पॅन्टचं बटण. आरशात मी खरंच बारीक दिसत होते. फक्त जे मधून गेलं होतं ते वर आणि खाली निघालं होतं. आत नाश्त्याला जागा नव्हती, म्हणून अर्धा कप चहा घेतला आणि निघाले.

मेट्रनबाई उंच, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्या खोलीत नर्सेस ओळीने उभ्या होत्या. मी झपाट्याने मापं घ्यायला लागले. खांदा, छाती, कंबर, उंची. उंचीसाठी दर वेळी खाली वाकावं लागत होतं, आणि दर वाकण्याला माझा श्वास थोडा थोडा वर सरकत होता. सहाव्या नर्सपर्यंत तो गळ्याशी आला. सातवीची उंची घेऊन सरळ झाले, तर खोलीच फिरायला लागली. माझं बटण तुटून मेट्रनबाईंच्या टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये टणकन पडलं.

मेट्रनबाईंनी आधी बटणाकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, कितव्या गणवेशाचं माप झालं ते विचारतायत. बोलायला श्वास नव्हता, एकच शब्द निघाला.

"सातवा."

"सातवा? आणि अशा वाकताय? पट्टे बांधून?"

पुढच्या दोन मिनिटांत मी चाकाच्या खुर्चीत होते. "अहो, मी कटिंग मास्टर आहे," मी म्हणत होते. "कटिंगचं नंतर बघू," मेट्रनबाई म्हणाल्या. खुर्ची ढकलणारा मामा इतक्या वेगाने निघाला, की नाही म्हणायला मी तोंड उघडलं तेव्हा आम्ही प्रसूती विभागात पोहोचलो होतो. तिथल्या बाईने केसपेपरवर लिहिलंसुद्धा: सातवा महिना, चक्कर, स्वभाव चिडका.

चिडका? तुम्हाला कोणी न विचारता सातव्या महिन्यात घातलं असतं, तर तुम्ही काय गाणी म्हटली असती?

तोवर मेट्रनबाईंनी कर्तव्य म्हणून दोन फोन केले होते. एक कारखान्यात. मालकीणबाई म्हणाल्या, "सातवा? मग आजच रजेवरून परत कशाला आल्या?" आणि त्यांनी बाहीवाल्या मास्तरांना रिक्षात बसवलं. दुसरा फोन माझ्या नवऱ्याला.

तो धावत आला. घामाघूम, शर्टाची खालची बटणं ताणलेली. केसपेपर लिहिणाऱ्या बाईने त्याच्याकडेही जरा निरखूनच पाहिलं. तो माझ्याजवळ बसला आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला. एकदा मोजलं. परत मोजलं.

"आपली साडेचार महिन्यांची आहे," तो हळूच म्हणाला.

"मला माहितीये."

"मग सातवा कसा बसतो?"

समजावून सांगायचं होतं, पण माझ्याकडे तेवढी हवा नव्हती.

"मला सांगायचंस तरी," तो म्हणाला. ज्या माणसाने सकाळी स्वतः पाय लावून पट्टा ओढला, त्याने हे म्हणावं. लग्नाला सात वर्षं झालीत. सातचा आकडा तिथे तरी बरोबर होता.

डॉक्टरीणबाईंनी मला आडवं केलं आणि पट्टा सोडला. चर्रर्र आवाज झाला आणि माझं पोट मोकळेपणी दोन्ही बाजूंना पसरलं. बाईंनी दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि नवऱ्याकडे वळल्या.

"आत कोणी नाही," त्या म्हणाल्या. नवरा मटकन स्टुलावर बसला.

"सकाळी काय खाल्लंत?"

"चहा," मी म्हटलं. "अर्धा."

"बाळाला अंगावर पाजता, खात काही नाही, वर हे चिलखत. चक्कर नाही येणार तर काय होणार?"

मग त्यांनी मला डोकं जरा उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली. बोटं आत गेली. "ही फट बघा, अडीच बोटं. पिशवी दीडेक महिन्यात जागेवर येते, पण पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतात. ते सावकाश जवळ येतात. श्वासाचे व्यायाम सांगते, ते करा. आवळून बांधल्याने काही लवकर होत नाही."

"साडेचार महिने झाले की," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता. "मावशीच्या सुनेचं महिन्यात गेलं."

"मावशीची सून माझ्याकडे आली नाही. तुम्ही आलात." त्यांनी माझ्या गळ्यातली टेप पाहिली. "कपडा शिवताना शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडता ना? काय म्हणता त्याला?"

"माया," मी म्हटलं.

"किती सोडता?"

"अंग वाढतं असेल तर दोन इंच."

"बघा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बारा वर्षं मी लोकांच्या कपड्यांत माया सोडली, आणि साडेचार महिन्यांत स्वतःच्या कंबरेला एकदाही टेप लावली नव्हती. हे मी कबूल करते, पण फक्त तुमच्यापाशी.

नवऱ्याने कँटीनमधून आणलेले दोन सँडविच मी उभ्यानेच खाल्ले. मग पॅन्ट एका हाताने धरून तडक मेट्रनबाईंची खोली गाठली. बाहीवाले मास्तर तिथे पोचले होते आणि एका नर्सची कंबर लांबूनच, नजरेने मोजत होते.

"मी गरोदर नाही," मी दारातूनच सांगितलं. "मी बाळंत झालेली आहे. त्याला वेळ लागतो. आणि मला विचारायचंय, तुमच्यापैकी किती जणी बाळंतपणानंतर जुन्याच गणवेशात कामावर आल्या?"

आधी एक हात वर झाला. मग तीन. मग अकरा. एकीने एप्रन बाजूला केला. आत चेन उघडी आणि वर सेफ्टी पिन. दुसरीच्या एप्रनआड दोन पिना होत्या. एक म्हणाली, ती चार महिने वाकलीच नाही, पेशंटलाच वर सरकायला सांगायची.

मी मेट्रनबाईंच्याच टेबलावर कागद पसरला. दोन्ही कुशींत, म्हणजे बाजूच्या शिलाईंत, घडी, घडीत दोन-दोन इंच माया, बाजूला नाडी. वाढलं तर सोडा, उतरलं तर बांधा, बाहेरून कोणाला कळणार नाही. मास्तरांनी कागद पाहिला आणि न सांगता पेन्सिलीला टोक करून माझ्या हातात दिली.

मेट्रनबाईंनी चित्र जवळ ओढून पाहिलं. मग उठल्या, एका बाजूला वळल्या आणि स्वतःचा एप्रन जरासा उचलला. कुशीतली शिलाई उसवलेली, आणि तीन पिना ओळीने लावलेल्या.

"धाकटा एकोणीस वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या. "याचाच नमुना शिवून आणा."

नमुना आठवड्यात पसंत झाला. फक्त मोठ्या डॉक्टरांची सही बाकी होती. मेट्रनबाई म्हणाल्या, सहीला जाताय तर त्यांच्याही नव्या कोटाचं माप घेऊन या.

मोठे डॉक्टर उभे राहिले. मी कंबरेला टेप लावली मात्र, त्यांनी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा, साहेब."

"सोडलाय," ते ओठ न हलवता म्हणाले. चेहरा हळूहळू जांभळा व्हायला लागला.

मी टेपवर अडतीस वाचलं, वहीत त्रेचाळीस लिहिलं.

कोट तयार होऊन आला, तेव्हा त्यांनी तो मेट्रनबाईंसमोरच घातला. सगळी बटणं लागली. "बघा," ते म्हणाले, "बारा वर्षांत माझं माप बदललेलं नाही. मनावर घेतलं की होतं सगळं. तुम्ही बायका जरा लक्षच देत नाही."

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तोंडात आलेली पाच वाक्यं मी एकामागून एक आत ढकलली.

"खरंय, साहेब," मी म्हटलं, आणि सहीसाठी कागद पुढे केला.